संगणक घरात, पत्ता मुंबईत

यंदा दिवाळीच्या पाडव्याला आमच्या सांगलीच्या घरी नवा संगणक आला. पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या चोपड्यांची पूजा करण्याची रीत घरात पूर्वापार चालत आलेली आहे. चोपड्यांतील मजकूर आता संगणकात गेल्यामुळे सौ.ने कुंकवाचे स्वस्तिक संगणकाच्या खोक्यावर काढले आणि मगच खोके उघडू दिले. पडदा व यंत्र एकाच चौकटीत बसवलेला, ज्याला दुकानदार ‘ऑल-इन-वन’ म्हणतात, असा तो संगणक. दुकानातून आलेल्या मुलाने तो दिवाणखान्यातील टेबलावर मांडला, इंटरनेटची केबल जोडली, पाऊण तासात सर्व काही चालू करून दाखवले, चार आकडी पिन क्रमांक कागदावर लिहून दिला आणि फराळ घेऊन तो निघून गेला. यंत्र उत्तम चालत होते. पुढे महिनाभर आम्हा कोणाच्याही मनात शंका आली नाही.

आमच्या चिरंजीवांची गणपती पेठेत हळदीची अडत आहे. दिवसभराचे सौदे आटोपले की रात्री ते घरी हिशेब पाहतात. जीएसटीची विवरणपत्रे सूनबाई भरतात, आणि घराचे दस्त, ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद यांच्या प्रती जपून ठेवणे हे माझ्याकडे, निवृत्त माणसाकडे, आलेले काम आहे. पेढीची उधारी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि कुटुंबाची कागदपत्रे अशी सर्व मालमत्ता त्यामुळे या एका यंत्रात गोळा झाली होती. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीतून लॅपटॉप चोरीस गेला होता. यंत्राची किंमत ते चार दिवसांत विसरले. परंतु कोणाकडून किती येणे आहे याची यादी त्यातच होती आणि ती पुन्हा जुळवण्यात त्यांचा एक अख्खा हंगाम गेला. काहींनी आपणहून आकडे सांगितले, काहींनी सांगितले नाहीत. ही हकिगत स्मरणात असल्यामुळे, हरवलेल्या संगणकाचे ठिकाण नकाशावर दाखवणारी सोय आपल्या यंत्रात चालू आहे की नाही, हे एकदा पाहावे असे मनात आले.

‘फाइंड माय डिव्हाइस’ असे त्या सोयीचे नाव. २०१५ साली ती विंडोज १० मध्ये आली आणि विंडोज ११ मध्येही आहे. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात गेले की ती सापडते. मी पाहिले तेव्हा तिचे बटण चालू होते. पण बटण चालू असणे आणि सोय आपल्या उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून दुसऱ्या टोकाकडून पडताळणी करायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात प्रवेश केला की ‘डिव्हाइसेस’ या पानावर आपल्या नावावरील यंत्रांची यादी येते आणि तेथून त्यांचे ठिकाण शोधता येते. मी माझे जुने खाते उघडले. यादीत केव्हाच भंगारात गेलेला आमचा पूर्वीचा लॅपटॉप दिमाखात उभा होता. नव्या संगणकाचा पत्ताच नव्हता.

मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. ‘लोकेशन’चे बटण बंद करून पुन्हा चालू केले. संकेतस्थळाला उशीर लागत असेल म्हणून एक रात्र जाऊ दिली. सकाळीही यादी तशीच. बँकेत ताळमेळ बसेना की आम्ही त्याच बेरजा पुन्हा पुन्हा करीत असू आणि मूळ नोंद मात्र सर्वांत शेवटी काढून पाहत असू. त्या जुन्या सवयीने याही वेळी माझा एक दिवस खाल्ला. अखेर ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ या भागात ‘युवर इन्फो’ हे पान उघडले. तेथे संगणकाच्या धन्याचे नाव म्हणून ज्या दुकानातून आम्ही तो घेतला त्या दुकानाचे नाव होते, त्याखाली एक अपरिचित ईमेल पत्ता होता आणि त्याखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द होता. संगणक सुरू करताना पडद्यावर दुकानाचे नाव येत असे हे आम्ही सर्वांनी रोज पाहिले होते. ते जाहिरातीपोटी असावे, अशी आमची समजूत!

या गोष्टीचा अर्थ ध्यानात यायला मला काही क्षण लागले. पैसे आम्ही मोजले, पावती आमच्या नावाची, यंत्र आमच्या टेबलावर. परंतु यंत्राच्या लेखी त्याचा धनी दुसराच. ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही सोय बिघडलेली नव्हती. ती चोख काम करत होती, फक्त आमच्यासाठी नव्हे. आमच्या संगणकाचे ठिकाण त्या दुकानातील खात्यावर दिसत होते. दूरवरून त्यास कुलूप लावण्याचा अधिकारही त्याच खात्याकडे होता.

याहून गंभीर बाब पुढेच होती. विंडोज ११ असलेल्या आजच्या पुष्कळ संगणकांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होते. म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर सांकेतिक रूपात साठवला जातो, जेणेकरून कोणी डिस्क काढून नेली तरी त्याला काही वाचता येऊ नये. ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु एखादा भाग बदलल्यावर किंवा काही बिघाड झाल्यावर संगणक कधी कधी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो, आणि ती दिल्याविना दार उघडत नाही. ही किल्ली, ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला असेल, त्या खात्यात जमा होते. आमच्या उधारीची, पट्ट्यांची आणि घराच्या दस्तांची किल्ली दुकानातील एका मुलाच्या ईमेलमागे पडून होती. उद्या तो नोकरी सोडून गेला, पासवर्ड विसरला किंवा दुकान बंद पडले, तर संगणक आमच्यासमोर असूनही आम्ही दाराबाहेर राहिलो असतो.

मी दुकानात गेलो. रागावून जाणार होतो, पण सौ. म्हणाली, “आधी विचारा तरी.” विचारले ते बरे झाले. मुलाच्या मनात काहीही वाईट नव्हते. विंडोज ११ प्रथम चालू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागते. ग्राहकाला खाते आठवत नाही, आठवले तर पासवर्ड आठवत नाही, मोबाइलवर येणारा संकेतांक सांगायला घरातील कोणी जागेवर नसते. मग वेळ वाचावा म्हणून हा मुलगा दुकानाचेच खाते घालून मोकळा होत असे. त्याने आपल्या मोबाइलवर ती यादी मला दाखवली. त्याने आजवर लावून दिलेले अनेक घरांतील व दुकानांतील संगणक त्यात ओळीने होते. या यादीतून काय काय होऊ शकते हे मी सांगितले तेव्हा त्याचाच चेहरा उतरला. आमच्या संगणकाच्या नावावर त्याने बोट ठेवले, नकाशा उघडला आणि तो गोंधळून म्हणाला, “काका, तुमचा संगणक तर मुंबईला दाखवतोय.”

एक दोष शोधता शोधता दुसरा हाती लागला होता. पण प्रथम मालकीचा प्रश्न मिटवायचा होता.

वाचकांपैकी कोणाच्या घरी हाच प्रकार निघाला, तर आम्ही काय केले ते उपयोगी पडावे म्हणून क्रमाने सांगतो. प्रथम घरच्या ईमेलवर आमचे स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खाते नीट करून घेतले आणि त्यावर माझा व सूनबाईंचा असे दोन मोबाइल क्रमांक नोंदवले. मग संगणकात ‘अकाउंट्स’मधील ‘अदर यूजर्स’मध्ये हे खाते जोडून त्यास ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा दर्जा दिला आणि त्या खात्याने प्रवेश करून नवा पिन ठरवला. जुने खाते काढून टाकण्यापूर्वी त्यातील सर्व मजकूर, हिशेबाच्या बॅकअपसह, एका बाहेरच्या डिस्कवर घेतला. ही पायरी घाईत गाळू नये. कारण खाते काढले की त्या खात्यातील डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स यांतील फायलीही जातात. सुदैवाने मुलाने ‘वनड्राइव्ह’ बंद ठेवले होते. ते चालू असते तर आमच्या दस्तांच्या प्रती दुकानाच्या खात्यात आपोआप जाऊन बसल्या असत्या. हे सर्व झाल्यावर जुने खाते संगणकातून काढले आणि मुलाने माझ्यासमोर त्याच्या यादीतून आमचे यंत्र वगळले.

तरीही एक गोष्ट उरली. बँकेत एका ग्राहकाने लॉकर सोडला की दुसऱ्याला देण्यापूर्वी त्याचे कुलूप बदलायचे, असा दंडक होता. पहिल्या ग्राहकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका असे म्हणून नव्हे. जी किल्ली एकदा परक्या हातात राहून आली तिच्यावर विसंबायचे नाही, म्हणून. ४८ अंकी किल्ली एकदा दुकानाच्या खात्यात जाऊन आलेली होती. म्हणून ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद केले, डिस्क पूर्ववत होऊ दिली आणि आमच्या खात्यातून ते पुन्हा चालू केले. यास काही तास लागले, पण नवी किल्ली तयार होऊन आमच्याच खात्यात जमा झाली. ती मी कागदावर छापून घेतली. त्या कागदाचे काय केले ते शेवटी सांगेन.

खाते कोणाच्या नावाचे असावे, याविषयी व्यापारी घरांना एक सांगावेसे वाटते. पुष्कळ पेढ्यांवर संगणकाचे सर्व व्यवहार मुनीमजींच्या किंवा एखाद्या हुशार नोकराच्या ईमेलवर चालतात. माणूस विश्वासाचा असतो यात शंका नाही. पण विश्वासाच्या माणसाच्या नावावर आपण दुकानाची जागा करून देत नाही. खाते घरातील व्यक्तीचे असावे आणि ते वैयक्तिक असावे. नोकरीच्या ठिकाणी किंवा महाविद्यालयात मिळालेल्या खात्यावर ‘फाइंड माय डिव्हाइस’ चालतही नाही.

आता मुंबईकडे वळू. मालकी आमच्याकडे आली, यादीत आमचे यंत्र दिसू लागले, मी उत्साहाने ‘फाइंड’ दाबले आणि नकाशावरील खूण सांगलीपासून पावणेचारशे किलोमीटरवर जाऊन बसली. चिरंजीवांना वाटले, आपले खाते मुंबईच्या कोणी चोरले. तसे काही नव्हते. मोबाइलमध्ये उपग्रहांचे संकेत ऐकणारा जीपीएसचा भाग असतो. घरगुती संगणकात तो सहसा नसतो. मग विंडोज दोन आडवाटांनी आपले ठिकाण ओळखू पाहते. पहिली वाट आसपासच्या वाय-फायची. प्रत्येक राउटर स्वतःचा एक विशिष्ट क्रमांक सतत हवेत सोडत असतो, आणि कोणता क्रमांक साधारण कोठे ऐकू येतो याच्या मोठ्या नोंदी मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी जमवलेल्या आहेत. संगणकाने आसपासचे चार-पाच क्रमांक ऐकले की त्या नोंदींवरून त्याची गल्ली कळते. दुसरी वाट आयपी पत्त्याची. इंटरनेट पुरवणारी कंपनी आपल्याला जो पत्ता देते त्यावरून ठिकाणाचा अंदाज केला जातो. पण तो पत्ता पुष्कळदा कंपनीच्या मोठ्या शहरातील केंद्राशी जोडलेला असतो. मनीऑर्डर कोठून आली हे पाहण्याऐवजी ती कोणत्या मुख्य टपाल कार्यालयातून पुढे गेली एवढेच पाहावे, तसा हा प्रकार.

आमच्या संगणकाला इंटरनेट केबलने मिळत होते. केबल आहे तर वाय-फाय कशाला, म्हणून मुलाने वाय-फाय बंद करून टाकले होते. पहिली वाट अशी मिटल्यावर संगणकापुढे आयपी पत्ता तेवढा उरला. उपाय इतका साधा होता की सांगताना संकोच वाटतो: वाय-फाय चालू करून ठेवले. त्यास कोणत्याही राउटरशी जोडले नाही. इंटरनेट केबलनेच चालू राहिले. केवळ कान उघडे झाले एवढ्याने काम भागले. थोड्या वेळाने पुन्हा ‘फाइंड’ दाबले तर खूण आमच्याच गल्लीत, शेजारच्या घराच्या अंगणात आली होती. आपल्या यंत्राचा पत्ता शेजाऱ्यांच्या राउटरांनी सांगावा, ही गंमत सौ.ला फार आवडली. वाय-फायचा भागच नसलेल्या जुन्या धाटणीच्या संगणकाला यूएसबीत खोचण्याचा छोटा वाय-फाय अ‍ॅडॉप्टर लावता येतो. गावाबाहेरच्या गोदामात मात्र आसपास राउटरच नसतील, तर एवढ्या नेमकेपणाची आशा ठेवू नये.

विंडोजमध्ये ‘डिफॉल्ट लोकेशन’ म्हणून आपला पत्ता कायमचा नोंदवण्याचीही एक सोय आहे, आणि एका परिचितांनी तोच उपाय सुचवला. मी तो जाणूनबुजून टाळला. नेमके ठिकाण कळेनासे झाले की विंडोज हा नोंदवलेला पत्ता धरते. हवामान पाहण्यास ते ठीक; पण चोराच्या घरी बसून आपला संगणक ‘मी सांगलीच्या दिवाणखान्यात आहे’ असे सांगणार असेल, तर त्यापेक्षा मुंबई परवडली.

या सोयीवर किती भिस्त ठेवावी? मी एक चाचणी केली. पेढीवर बसून मोबाइलवरून ‘फाइंड’ दाबले आणि घरी सूनबाईंना पडद्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. संगणक शोधला जात असल्याची सूचना त्यांच्या पडद्यावर आली. म्हणजे ती चोरालाही दिसणार. संगणक बंद असेल किंवा इंटरनेटला जोडलेला नसेल, तर नवे ठिकाण मिळत नाही. पूर्वी कोठे व केव्हा होता एवढेच कळते. दूरवरून कुलूप लावता येते व पडद्यावर निरोप ठेवता येतो, परंतु मजकूर पुसून टाकण्याची सोय यात नाही. मजकुराचे रक्षण एन्क्रिप्शन करते आणि हिशेबाचे रक्षण बाहेरच्या डिस्कवरील बॅकअप. नकाशा त्यानंतरचा. चोरी झालीच तर खूण पाहून स्वतः तेथे धाव घेऊ नये, पोलिसांकडे जावे. आणि तेथे सीरियल क्रमांक लागतो. तो पावतीवर किंवा खोक्यावर असतो. चोरीस गेलेला मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर बंद करवता येतो; साध्या संगणकाला तो क्रमांक नसतो, म्हणून पावती जपणे आले. आमच्या खोक्यावरील स्वस्तिकामुळे सौ.ने ते खोके टाकू दिले नव्हते, त्याचा असा उपयोग झाला.

हे सारे मार्गी लागल्यावर घरात एक निराळाच वाद निघाला. आमची नात पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. तिचा लॅपटॉपही याच खात्यावर घ्यावा, म्हणजे सर्व यंत्रे एका यादीत दिसतील, असे चिरंजीवांनी सुचवले. हिशेबाच्या दृष्टीने मला ते पटले होते. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, घरचा संगणक टेबलावरून हलत नाही, म्हणून त्याचे ठिकाण म्हणजे फक्त त्याचेच ठिकाण. तिचा लॅपटॉप तिच्या खांद्यावर असतो. दुकानातल्या मुलाकडे आपली यादी होती तेव्हा आपल्याला कसे वाटले होते?” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नातीशी फोनवर बोललो. तिने आपले स्वतःचे खाते ठेवले, त्यावर ही सोय तिने स्वतः चालू केली आणि लॅपटॉपचा सीरियल क्रमांक व पावतीचे छायाचित्र मात्र मला पाठवून दिले. चिरंजीव दोन दिवस थोडे नाराज होते.

राहिला तो छापलेला कागद. बँकेत तिजोरीच्या दुबार किल्ल्या आम्ही मोहोरबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवत असू. ज्या घरात संगणक आहे त्याच घरात त्याची किल्ली ठेवण्यात अर्थ नाही, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सांगलीतील आम्हा अनेकांना चांगलेच शिकवले आहे. पाण्याने कपाट आणि कपाटाची किल्ली यांत भेद केला नव्हता. म्हणून तो कागद पाकिटात घातला, तोंडावर लाख लावली, जोडावर मी आणि सूनबाईंनी सह्या केल्या आणि सुट्टीला आलेल्या नातीबरोबर तो पुण्याला माझ्या मुलीकडे पाठवला. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, “बाबा, पाकीट मिळाले, लाख शाबूत आहे, कपाटात ठेवले.” मी तिला म्हटले, “तसे लिहून पाठव, तारीख घाल आणि सही कर.” ती पोच काल टपालाने आली. घरच्या फायलीत लावून ठेवली आहे.